डंकर्कच्या होड्यांची वारी

पंढरीची वारी एकट्या माणसाची नसते, घराण्याची असते. आजोबांचे पाय थकले म्हणजे वडील निघतात. वडिलांना झेपेनासे झाले म्हणजे मुलगा पताका खांद्यावर घेतो. माणसे बदलतात, वारी चुकत नाही. इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरून अशीच एक वारी दर पाच वर्षांनी निघत असते. मात्र ती माणसांची नाही की घराण्यांची नाही. ती होड्यांची वारी आहे, आणि तिचे पंढरपूर म्हणजे फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचे डंकर्क हे बंदर.

२०२५ सालच्या मे महिन्यात ही वारी निघाली तेव्हा रॅम्सगेट बंदरातून साठांहून अधिक होड्या बाहेर पडल्या. त्यांपैकी एकही होडी ८५ वर्षांहून लहान नव्हती! थेम्स नदीत रविवारच्या सहलीसाठी बांधलेल्या लाँची, हौशी लोकांची क्रीडानौका, मासेमारीचे मचवे, अशा नाना जातींच्या ह्या होड्या. एकीची उंची दुसरीला जुळत नाही, एकीचा वेग तिसरीला झेपत नाही. तरीही त्या एका रांगेने चालतात, कारण त्यांच्यात एक नाते आहे. १९४० साली ह्यांतली प्रत्येक होडी डंकर्कला जाऊन आली आहे.

ह्या होड्यांच्या मालकांचा एक संघ आहे. 'असोसिएशन ऑफ डंकर्क लिट्ल शिप्स' हे त्याचे नाव. क्लब म्हटला की वर्गणी आली, शिफारस आली, मालकाची प्रतिष्ठा आली. ह्या संघात मात्र प्रथम विचारतात ते होडीचे कूळ. मालक लक्षाधीश असो की निवृत्त शिक्षक असो, त्याची होडी त्या नऊ दिवसांत तिथे होती की नव्हती, एवढाच प्रश्न!

ते नऊ दिवस

१० मे १९४० रोजी जर्मन सैन्य पश्चिमेकडे घुसले आणि दोन आठवडे लोटतात न लोटतात तोच ब्रिटिश, फ्रेंच व बेल्जियन फौजा समुद्राकडे रेटल्या गेल्या. मागे शत्रू, पुढे पाणी. डोव्हरच्या किल्ल्याखालील भुयारात बसून व्हाइस ॲडमिरल बर्ट्रम रॅम्से यांनी ह्या सैन्याला परत आणण्याची मोहीम आखली. २६ मेच्या संध्याकाळी ती सुरू झाली. त्या वेळी अपेक्षा होती ती दोन दिवसांत फार तर ४५,००० माणसे हाती लागतील, एवढीच. ४ जूनला मोहीम संपली तेव्हा परत आलेल्यांची संख्या भरली ३,३८,२२६.

अडचण होती ती किनाऱ्याची. ओहोटीच्या वेळी अलिबागच्या वाळूवरून कुलाब्याच्या किल्ल्यापर्यंत ज्यांनी चालत जाऊन पाहिले आहे, त्यांना उथळ किनारा म्हणजे काय हे सांगायला नको. डंकर्कचा किनारा तसाच दूरवर उथळ. मोठ्या जहाजाला जवळ येण्याची सोय नाही. सैनिक खांद्याइतक्या पाण्यात रांगा लावून तासन् तास उभे राहत, वरून विमाने बाँब टाकीत, आणि जहाज दूर खोल पाण्यात वाट पाहत असे. मधल्या त्या पट्ट्यातून माणसे न्यायची कशी? त्यासाठी लहान होड्या हव्या होत्या.

होड्या होत्या, पण त्या खाजगी मालकांच्या. १४ मे रोजी बीबीसीवरून एक सूचना वाचली गेली होती: तीस ते शंभर फूट लांबीच्या, स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या क्रीडानौकांच्या मालकांनी आपल्या नौकांची माहिती नौदलाकडे चौदा दिवसांत पाठवावी. सूचना निघाली तेव्हा डंकर्कचा प्रसंग कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. पण प्रसंग उभा राहिला तेव्हा ती माहिती कामी आली. टेडिंग्टनचे होडीबांधणीदार डग्लस टफ यांनी थेम्स नदीच्या काठाकाठाने शंभरांवर होड्या गोळा केल्या. काही मालकांना आपली होडी गेली हे ती गेल्यावर कळले!

इथे दंतकथा आणि इतिहास यांची थोडी फारकत केली पाहिजे. साधेसुधे गृहस्थ आपापल्या होड्या घेऊन निघाले आणि त्यांनी सारे सैन्य सोडवून आणले, असे चित्र लोकांच्या मनात ठसले आहे. वस्तुस्थिती अशी की बहुतेक होड्यांवर नौदलाचे खलाशी होते, आणि तीन सैनिकांपैकी दोघे डंकर्क बंदराच्या लांबलचक धक्क्यावरून थेट मोठ्या जहाजांत चढले. मग छोट्या होड्यांचे एवढे कौतुक कशाला? उरलेल्या तिसऱ्यासाठी! वाळूवरून उचललेली माणसे लाखाच्या घरात होती. एवढ्या माणसांच्या आणि जहाजांच्या मधले ते मैलभर पाणी ह्या होड्यांनी येरझाऱ्या घालघालून ओलांडले. आणि शिवाय, काही मालक खरोखरच स्वतः गेले होते.

एकेकीचे चरित्र

अशांपैकी एक चार्ल्स लायटोलर. १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक'वरचे ते दुय्यम अधिकारी. त्या अपघातातून वाचलेल्या अधिकाऱ्यांत सर्वांत वरिष्ठ. १९४० साली त्यांचे वय ६६ वर्षांचे होते. 'सनडाउनर' ही त्यांची हौसेची मोटरनौका नौदलाने मागितली. न्यायचीच असेल तर ती मीच नेईन, असे त्यांनी कळवले, आणि थोरला मुलगा रॉजर व एक तरुण सागरी स्काउट यांना घेऊन १ जून रोजी ते निघाले. ज्या नौकेत तोपर्यंत कधी एकवीसांहून अधिक माणसे बसली नव्हती, तिच्यात त्यांनी सुमारे १३० माणसे भरून आणली. विमान झेपावले की नेमक्या कोणत्या क्षणी सुकाणू फिरवायचे, हे त्यांना धाकट्या मुलाच्या, ब्रायनच्या बोलण्यातून ठाऊक होते. ब्रायन वैमानिक होता. युद्ध सुरू झाले त्याच आठवड्यात तो मारला गेला होता. मेलेल्या मुलाची शिकवण घेऊन बाप दुसऱ्यांची मुले सोडवायला गेला, ह्यावर आणखी काय लिहावे?

सर्वांत लहान होडी 'टॅमझाइन'. मासे धरण्याची ही उघडी होडी जेमतेम पंधरा फूट लांबीची, म्हणजे आपल्या बिऱ्हाडातल्या एका खोलीएवढी. ती आता इंपीरिअल वॉर म्युझिअमच्या संग्रहात आहे.

थेम्सच्या मुखाजवळच्या ली गावातले कोळी तिसऱ्यांसारखे शिंपले गोळा करून पोट भरणारे. उथळ चिखलात जाण्यासाठी बांधलेले त्यांचे सहा मचवे डंकर्कच्या वाळूला अगदी योग्य ठरले. दिवसभर त्यांनी सैनिक वाहिले. परतताना त्यांपैकी 'रिनाउन' सुरुंगावर आदळला आणि त्यावरचे चौघे जण गेले. सोबतचा 'एन्डेव्हर' मात्र वाचला. पुढे तो मोडकळीस आला, पण गावकऱ्यांनी त्याची डागडुजी करून त्याला पुन्हा पाण्यात उतरवले.

'मेडवे क्वीन' ही चाकाची आगबोट एरव्ही सहलीच्या उतारूंना समुद्राची हवा खाऊ घालीत असे. तिने सात खेपा केल्या आणि सुमारे ७,००० माणसे आणली. शांततेच्या काळात मात्र तिच्या नशिबी वनवास आला. काही वर्षे तिच्यावर नाचगाण्याचा क्लब चालला, मग ती गाळात रुतली. तिच्या चाहत्यांनी हार न मानता ब्रिस्टल येथे तिचा सांगाडा नव्याने बांधून घेतला आणि २०१३ साली तिला घरी आणले.

मुंबईहून गेलेले खेचरवाले

ह्या कथेत मुंबईचा धागा आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. ब्रिटिश सेनेने घोडे-खेचरे काढून टाकून मोटारी घेतल्या होत्या. पण फ्रान्सच्या हिवाळी चिखलात मोटारी रुतू लागतील, अशी धास्ती वाटू लागली. तेव्हा हिंदुस्थानातून चार खेचर-तुकड्या मागवण्यात आल्या. डिसेंबर १९३९ मध्ये मुंबई बंदरातून त्या निघाल्या आणि नाताळच्या सुमारास मार्सेयला उतरल्या. त्यांतले बहुतेक जवान पंजाब व वायव्य सरहद्दीकडचे मुसलमान होते. एक तुकडी जर्मनांच्या हाती सापडली. इतरांपैकी काहीशे जवान डंकर्कच्या वाळूवरून इंग्लंडात पोचले. मुकी जनावरे मागेच ठेवावी लागली. ज्या खेचराला रोज स्वतःच्या हाताने दाणावैरण घातली, त्याचा दोर सोडून पाण्याकडे वळताना त्या जवानांना काय वाटले असेल! डंकर्कवर एवढे चित्रपट निघाले, पण ही माणसे पडद्यावर कुठे दिसली नाहीत.

पंचवीस वर्षांनी

युद्ध संपले आणि होड्या आपापल्या मालकांकडे परतल्या. म्हणजे ज्या उरल्या होत्या त्या. काही विकल्या गेल्या, काहींची नावे बदलली, काही नदीकाठी बांधून कोणी त्यांत बिऱ्हाड थाटले. १९६५ उजाडता उजाडता डंकर्क ही पुस्तकातली गोष्ट होऊन बसली होती.

बीबीसीचे सुप्रसिद्ध निवेदक रेमंड बॅक्स्टर हे त्या वेळी 'लोराज' नावाच्या नौकेचे मालक होते. युद्धात ते स्वतः स्पिटफायर विमानाचे वैमानिक. आपली नौका डंकर्कला गेली होती, हे कळल्यावर तिच्या सोबतिणी कुठे असतील ह्या विचाराने त्यांना घेरले. त्यांनी शोध चालवला आणि पंचविसाव्या वाढदिवसाला, १९६५ साली, ४३ होड्या पुन्हा डंकर्कला गेल्या. ह्या भेटीगाठी इथेच संपू नयेत म्हणून १९६६ साली संघ स्थापन झाला. तेव्हापासून दर पाच वर्षांनी जायचे, असा नेम ठरला.

हा प्रवास काठावरून दिसतो तितका सोपा नाही. चाळीस मैलांच्या आतबाहेरचे अंतर. पण त्यात जगातला सर्वांत गजबजलेला जलमार्ग आडवा येतो. मुंबईच्या रस्त्यावरून शाळेच्या मुलांची रांग पलीकडे न्यावी, तशी ही होड्यांची रांग मोठमोठ्या मालवाहू जहाजांच्या वाटेतून न्यावी लागते. सोबतीला नौदलाची नौका आणि लाइफबोटी असतात. शिवाय यांतल्या कित्येक होड्या नदीच्या, त्यांना लाट सोसत नाही. १९४० साली खाडी नवल वाटावे इतकी शांत होती. आता मात्र हवामान खात्याचा कौल मिळाल्याशिवाय कोणी दोर सोडीत नाही. संघाच्या होड्या एकत्र निघाल्या म्हणजे नाळेवर पांढऱ्या जमिनीवरचा सेंट जॉर्जचा लाल क्रूस फडकवण्याचा खास मान त्यांना दिलेला आहे.

सुरुवातीच्या वाऱ्यांत खरे मानकरी होते ते वृद्ध सैनिक. ज्या होडीने आपल्याला उचलले तिच्या कडेवर हात ठेवून ते उभे राहत. पण वय कोणासाठी थांबते? साठाव्या स्मरणवर्षाची वारी २००० साली झाली आणि त्याच वर्षी डंकर्कच्या सैनिकांचा स्वतःचा संघ विसर्जित झाला. २०२० साली महामारीमुळे वारी चुकली. २०२५ साली ती पुन्हा निघाली, तेव्हा जे तिथे होते ते सांगायला जवळजवळ कोणी उरले नव्हते. उरल्या होत्या फक्त होड्या.

मालक की राखणदार?

आणि खरा प्रश्न इथेच सुरू होतो. लाकडी होडी ही काही काचेच्या कपाटात ठेवून विसरण्याची चीज नव्हे. दर वर्षी ती पाण्याबाहेर काढायची, शेवाळ खरवडायचे, फळ्यांच्या फटींत कापूस ठासायचा, वर लुकण भरायचे, रंग द्यायचा. सडलेली फळी बदलायची, मग तिच्या शेजारची. एक वर्ष चालढकल केली तर पुढच्या वर्षी दुप्पट खर्च, आणि पाच वर्षे केली तर होडीच्या जागी जळाऊ लाकूड! ह्या होड्यांचे मालक सगळेच काही श्रीमंत नसतात. कित्येकांच्या सुट्ट्या आणि शिल्लक ह्याच कामी खर्च होतात. त्यांच्यापैकी अनेक जण आपल्याला मालक न म्हणवता राखणदार म्हणवतात. हा शब्द शोभेचा नव्हे, हिशेबाचा आहे. होडी आपल्याआधी दुसऱ्याची होती, आपल्यानंतर तिसऱ्याची होईल. मधली काही वर्षे ती कोरडी ठेवणे एवढेच आपल्याकडे.

कोणी विचारील, निम्म्या फळ्या बदलल्यावर ही तीच होडी कशी? आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो, शिखर नवे चढते, गाभाऱ्याच्या फरशा बदलतात; म्हणून गावाचा देव बदलला असे कोणी म्हणत नाही. अखंड चालत आलेली असते ती लाकडाची किंवा दगडाची ओळख नव्हे, सांभाळणाऱ्या हातांची.

दिवाळीत आपली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. गेल्या वर्षीचा किल्ला पावसात वाहून गेलेला असतो. तरी यंदा पुन्हा माती कालवायची, पुन्हा अळीव पेरायचे, पुन्हा वर महाराजांना बसवायचे. शाळेतला इतिहासाचा धडा परीक्षेनंतर विसरतो, पण हाताला लागलेली ती माती विसरत नाही. डंकर्कच्या होडीला रंग देणाऱ्या बापाच्या शेजारी त्याची मुलगी ब्रश धरून बसली असेल, तर तिच्याही हाताला तसेच काहीतरी लागत असले पाहिजे. पाच वर्षांच्या हिशेबाने पुढची वारी येते २०३० सालची. तोवर पाच हिवाळे आहेत आणि प्रत्येक हिवाळ्यात खरवडण्याजोगे बरेच काही आहे.