व्याधींचा दुभाषा : झुंपा लाहिरी यांच्या नऊ कथा

आजचं पुस्तक आहे झुंपा लाहिरी या अमेरिकन लेखिकेचा कथासंग्रह, ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’. मराठीत म्हणायचं तर ‘व्याधींचा दुभाषा’. १९९९ साली आलेलं हे त्यांचं पहिलंच पुस्तक. २००० साली त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. लाहिरींचा जन्म १९६७ चा, लंडनमधला. आईवडील बंगाली, आणि बालपण गेलं अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड या छोट्या राज्यात. संग्रहात कथा नऊ. त्यातल्या सहा मुख्यतः अमेरिकेत घडतात, तीन भारतात.

‘परदेशी गेलेल्या भारतीयांच्या कथा’ अशी या पुस्तकाची ओळख करून दिली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. मी बेंगळुरूत राहते. इथं नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसांना आणि त्यांच्यामागून आलेल्या आईवडिलांना हे पुस्तक अमेरिकेचं वाटणारच नाही.

आधी शीर्षककथा पाहू. ही ओडिशात घडते. कपासी नावाचे गृहस्थ अमेरिकेहून आलेल्या दास कुटुंबाला गाडीतून कोणार्कचं सूर्यमंदिर दाखवायला नेतात. हे त्यांचं शुक्रवार-शनिवारचं काम. बाकीचे दिवस ते एका डॉक्टरांकडे दुभाषा असतात. डॉक्टरांना गुजराती येत नाही, म्हणून गुजराती रुग्णांची दुखणी हे त्यांना समजावून सांगतात. तरुणपणी त्यांना मोठमोठ्या मुत्सद्द्यांचा दुभाषा व्हायचं होतं. मुलगा टायफॉइडने आजारी पडला, उपचारांचे पैसे फेडायला म्हणून हे काम धरलं आणि तेच कायमचं झालं. घरी त्याची किंमत नाही. दासबाईंना मात्र ते काम फार मोलाचं वाटतं. त्या आठ वर्षं लपवलेलं एक गुपित कपासींना सांगतात आणि त्यावर उपाय मागतात. कपासी प्रामाणिकपणे एक प्रश्न विचारतात : तुम्हाला होतंय ते दुःख आहे की अपराधीपणा? बाईंना तो प्रश्न सोसत नाही.

या कथेचं मर्म इथंच आहे. दुभाषा शब्द इकडून तिकडे नेतो. शब्दांच्या खाली जे दुखतं, त्याचं काय करायचं हे त्यालाही ठाऊक नसतं.

आमच्या अपार्टमेंटमध्ये साताऱ्याच्या एक काकू आहेत. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात. दवाखान्यात जायचं असलं की काकू मला हाक मारतात, कारण डॉक्टरांना कन्नड आणि इंग्रजी येतं, काकूंना मराठी आणि मोडकी हिंदी. छातीत जळजळतं, डोकं जड होतं, हे मी इंग्रजीत सांगू शकते. पण मध्येच काकू म्हणतात, “त्यांना सांग, इथं करमत नाही.” आता ‘करमत नाही’ याला इंग्रजीत काय म्हणायचं? आणि समजा सापडला शब्द, तर डॉक्टर त्यावर कुठली गोळी लिहून देणार?

याच काकूंना मी ‘मिसेस सेन्स’ ही कथा मराठीत सांगितली. अमेरिकेतल्या विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या प्राध्यापकांची ही बायको. दुपारी इलियट नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाला सांभाळते. जमिनीवर बसून विळीवर भाज्यांचा ढीग चिरते. तिला ताजा, अख्खा मासा हवा असतो आणि तो आणायला मोटार चालवता यायला हवी, जिची तिला भीती वाटते. एकदा ती मुलाला विचारते, मी इथं जोरात ओरडले तर कुणी येईल का? तिच्या गावी सगळी आळी धावून आली असती. मुलाला वाटतं, आवाज फार होतोय अशी तक्रार येईल. काकू लगेच म्हणाल्या, “आपल्या ग्रुपवर पण तेच येतं की!”

तुम्ही म्हणाल, मग प्रश्न भाषेचा आहे. कन्नड शिकावं, लोकांत मिसळावं. शिकायला हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण संग्रहाची पहिलीच कथा, ‘अ टेम्पररी मॅटर’, हे उत्तर पुरेसं ठरू देत नाही. बॉस्टनमधलं तरुण जोडपं, शोभा आणि सुकुमार. दोघंही शिकलेली, एकमेकांची भाषा उत्तम येणारी. त्यांचं मूल मृत जन्माला आलं आणि त्यानंतर घरात दोघं एकमेकांना टाळू लागली. मग दुरुस्तीसाठी पाच दिवस रोज रात्री तासभर वीज जाणार असल्याची सूचना येते. त्या अंधारात ती एकमेकांना न सांगितलेल्या गोष्टी सांगू लागतात. इथं दुभाषाची गरज नव्हती. गरज होती ती ऐकून घेण्याची. त्या सांगण्यातून काय होतं, ते तुम्हीच वाचा.

हा धागा धरून पुस्तक वाचलं की एक गोष्ट लक्षात येते. मनातलं सांगायला माणसं पुष्कळदा परक्याकडे जातात : दासबाई गाडीवाल्याकडे, सेनबाई लहान मुलाकडे. घरच्या माणसाला सांगणं जड जातं, कारण त्याला सांगितलं की काहीतरी बदलावं लागतं.

पण पुस्तक निराश करत नाही. शेवटची कथा, ‘द थर्ड अँड फायनल कॉन्टिनेंट’, लाहिरींना वडिलांच्या आयुष्यावरून सुचली. १९६९ साली, माणूस चंद्रावर उतरला तेव्हा, एक बंगाली तरुण १०३ वर्षांच्या म्हातारीकडे भाड्याने राहतो. रोज रात्री तिच्याशेजारी बसून ती म्हणेल त्याला होकार देतो. एवढंच. पुढे नव्या, अनोळखी वाटणाऱ्या बायकोशी त्याचं नातं जुळतं, त्याची सुरुवात त्याच घरात होते.

सुरुवात करायची तर याच कथेपासून करा. मग ‘मिसेस सेन्स’, मग शीर्षककथा. इंग्रजी साधं आहे, वाक्यं छोटी आहेत, कॉलेजात जाणाऱ्या मुलांनाही झेपेल. आणि घरात कुणी दूरच्या गावाहून येऊन राहिलं असेल, तर एखादी कथा त्यांना मराठीत सांगून पाहा. सांगून झाली की थोडा वेळ गप्प बसा. त्यांना काही बोलायचं असेल.