वाडीपर्यंतची वाट : विद्युत दुचाकींच्या प्रशिक्षण-चाचणीची आखणी

पनवेल परिसरातील डोंगरउतारांवर अनेक आदिवासी वाड्या पायवाटेच्या टोकाला वसलेल्या आहेत. रस्ता संपतो तेथे रुग्णवाहिका थांबते. पुढे डोली हाच आधार. शेजारच्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दि. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा मदत पथकांनाही पायीच चढावे लागले. तसल्या उभ्या चढावर कोणतीही दुचाकी निरुपयोगीच. परंतु जेथे बैलगाडीची वाट आहे, तेथे प्रशिक्षित आरोग्यसेवक औषधांसह दुचाकीवरून लवकर पोहोचू शकतो.

ही कल्पना नवी नाही. राज्य शासनाने ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत १० दुचाकी रुग्णवाहिका सुरू केल्या व पुढे पालघर, मेळघाट येथेही ही सेवा नेली. आग्नेय नेपाळमध्ये स्वयंसेवकांच्या मोटारसायकलींनी सर्पदंशाचे रुग्ण त्वरेने उपचार केंद्रात आणले, जोडीला लोकशिक्षणही केले. तेथील मृत्यूचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आले. वाहनाइतकेच महत्त्व तयार चालकाला आहे, हे यावरून ध्यानी यावे.

शिकाऊ चालकासाठी विद्युत दुचाकी सोयीची ठरते. बहुतेक विद्युत दुचाकींना क्लच व गिअर नसल्याने त्याचे सारे लक्ष तोल, ब्रेक व वाटेकडे राहते. मात्र गाडी आवाज करीत नसल्याने पादचारी व गुरे सावध होत नाहीत. घंटी वाजविण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी लागते.

आता हिशेब पाहू. गाडी व चालक मिळून २०० किलो वजन ३०० मीटर उंच नेण्यास सुमारे ०.१६ युनिट ऊर्जा लागते. चिखल, खडी व यंत्रातील तूट धरून ती कित्येक पट वाढली तरी विजेचे बिल किरकोळच राहते. खरा भार खरेदीचा व पुढे बॅटरी बदलण्याचा. म्हणून घसाऱ्याची तरतूद पहिल्याच वर्षापासून हवी.

आरंभी चार गाड्या पुरेत : तीन प्रशिक्षणास, एक राखीव. प्रथम मोकळे मैदान, मग खडीची वाट, मग चढ-उतार व शेवटी औषधपेटीच्या वजनासह पावसाळी चिखल, असा क्रम असावा. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. नोंदणी, विमा व परवाना आधी हवा. कर्नाळा अभयारण्यासारख्या वनक्षेत्रात वन विभागाच्या अनुमतीविना जाऊ नये. सन २०२२ मधील आगीच्या घटनांनंतर बॅटरीचे सुरक्षा निकष कडक झाले. तरीही चार्जिंगची खोली रुग्णकक्ष व प्राणवायूच्या साठ्यापासून दूरच असावी.

माथेरानला डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने ७ ई-रिक्षांची तीन महिन्यांची चाचणी सुरू झाली. मोजक्या गाड्या व ठरावीक मुदत हा तेथील धडा घेण्याजोगा आहे. आपल्याकडील मुदतीत मात्र एक पूर्ण पावसाळा यायलाच हवा. वाडीस पोहोचण्याचा वेळ, चालकाचे पडणे, दर किलोमीटरची वीज आणि गाडी बंद राहिलेले दिवस, या चार नोंदी रोज ठेवाव्यात. पावसात दुचाकी पायी जाणाऱ्यापेक्षा लवकर पोहोचत नसेल, तर पुढील खरेदी करू नये. दात्यांच्या पैशाचा विनियोग वाडीवरील रुग्णाच्या खऱ्या उपयोगासाठी व्हावा, हीच या आखणीची कसोटी होय.