बाज
बाज : चार खूर व चार आडवी लाकडे यांच्या चौकटीवर दोर विणून केलेली, सहज उचलून नेता येणारी खाट. लांबी सु. १.८ मी., रुंदी सु. १ मी. व उंची सु. ४५ सेंमी. असते. बाळंतिणीला बाजेवर निजवून खाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची चाल होती. जाळीदार विणीतून शेक वर येतो, तसाच उन्हाळ्यात वाराही येतो. तिचे दोन्ही उपयोग या एकाच गुणावर आधारलेले आहेत.

गोदावरीच्या दक्षिण तीरावरील पुणतांबे (अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) हे चांगदेवांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडते. मे महिन्यात तेथील दुपारचे तापमान ४०° से.च्या आसपास जाते. पत्र्याची छपरे दिवसभर तापतात. उलट कोरड्या हवेत व निरभ्र आकाशाखाली उघडी जागा रात्री लवकर निवते. त्यामुळे अशा भागात होळीनंतर बिछाना अंगणात किंवा शेतावरील वस्तीत जातो आणि तत्पूर्वी बाज दुरुस्त करावी लागते.

शेताच्या बांधावरील केकताड (घायपात), अंबाडी, ताग किंवा नारळाचा काथ्या यांचा दोर विणण्यास वापरतात. दोर वळण्याचे काम परंपरेने मातंग समाजाकडे व चौकटीचे सुताराकडे असे. वनस्पतिज दोर भिजला की फुगतो व लांबीने आखूड होतो. वाळला की सैल पडतो. पावसाळ्यात ताठ असलेल्या बाजेची उन्हाळ्याच्या तोंडावर झोळी होते, ती यामुळे. पुष्कळदा यात दोर विटलेला नसतो, म्हणून सगळी वीण उसवण्याचे कारण नसते. विणकर वीण पायथ्याच्या लाकडापर्यंत नेत नाही. मध्ये वीतभर जागा सोडून तेथे वेगळा ताणदोर ओवतो. एका कोपऱ्यापासून क्रमाने त्याचा एकेक फेरा ओढीत गेले की सर्व बाज ताणली जाते. ताण एका अंगास अधिक पडला, तर चौकट पिळवटते व एक खूर अधांतरी राहतो. पावसाळ्यापूर्वी हा दोर थोडा ढिला करणे इष्ट. तसे न केल्यास भिजून आवळलेली वीण सांधे खिळखिळे करते.

ढेकूण मुख्यतः खुरांच्या भोकांत व दोराच्या पिळांत राहतात. बाज नुसती उन्हात टाकल्याने ते सावलीच्या बाजूस सरकतात. म्हणून बाज उलटीपालटी करून वाळवितात व सांध्यांत उकळते पाणी ओततात. अंडी नष्ट होण्यास अधिक उष्णता लागत असल्याने हा उपाय काही दिवसांनी पुन्हा करावा लागतो.

उंचीचा लाभ केवळ वाऱ्यापुरता नाही. मण्यार हा विषारी साप रात्री हिंडतो व जमिनीवर झोपलेल्यांना त्याचा दंश होण्याचा धोका अधिक असतो. दंश फारसा दुखत नाही, खूणही क्वचितच दिसते. पुढे पोटात दुखणे, पापण्या जड होणे व श्वास कोंडणे ही लक्षणे उद्भवतात. अशा वेळी मांत्रिकाकडे न जाता रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते. तेथे प्रतिविष देतात. बाजेवर झोपल्याने धोका घटतो, नाहीसा होत नाही, कारण मण्यार वरही चढू शकते. यासाठी बाज भिंत, सरपण व दगडांचे ढीग यांपासून दूर ठेवतात, पांघरूण जमिनीवर लोंबू देत नाहीत आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचतात. विंचवापासूनही या व्यवस्थेमुळे बऱ्याच अंशी संरक्षण मिळते.

अलीकडे लोखंडी नळ्यांची चौकट व नायलॉनची पट्टी असलेल्या खाटा सर्रास वापरतात. त्यांत ढेकणांना थारा कमी मिळतो. मात्र नायलॉनची पट्टी सतत उन्हात राहिल्यास ठिसूळ होऊन अचानक तुटते; म्हणून दिवसा अशी खाट सावलीत उभी करून ठेवतात.