बटणं बाहेर, भानगड आत

बेस मॉडेलची गाडी घेतलेल्या माणसाला स्टिअरिंगवरच्या त्या कोऱ्या प्लॅस्टिक पट्ट्या फार छळतात. टॉप मॉडेलमध्ये तिथे आवाज कमी-जास्त करायची, गाणं बदलायची, फोन उचलायची बटणं असतात. आपल्या गाडीत नुसतं झाकण. मग पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चौकशी होते आणि उत्तर ठरलेलं मिळतं: “साहेब, स्विच सेट टाकला की झालं.” हे अगदीच खोटं नाही. पण त्यात जे सांगायचं राहून जातं, खर्च आणि धोका दोन्ही तिथेच असतात.

पहिला गैरसमज असा की बटणं बसली म्हणजे ती चालणारच. स्टिअरिंगचं चाक फिरतं, त्यामागची वायरिंग जागची हलत नाही. या दोहोंच्या मध्ये एक गोल डबी असते. तिला क्लॉक स्प्रिंग किंवा स्पायरल केबल म्हणतात. डबीत चपटी पट्टीसारखी केबल गुंडाळलेली असते. चाक एकीकडे वळवलं की ती आवळते, दुसरीकडे वळवलं की सैलावते. एअरबॅगची जोडणी याच केबलमधून जाते, बहुतेक गाड्यांत हॉर्नचीही. बेस मॉडेलच्या बऱ्याच गाड्यांत कंपनी तिच्यात तेवढ्याच तारा घालते, ऑडिओच्या तारा नसतातच. तिथे कितीही अस्सल स्विच आणा, ते शोभेचे. काही मॉडेलांत केबल पूर्ण असते, पण डॅशबोर्डच्या आतून स्टिरिओच्या कपलरपर्यंत तारच ओढलेली नसते. म्हणून “मित्राच्या याच गाडीत चाललं” एवढ्यावर सामान खरेदी करू नये. व्हेरियंट किंवा उत्पादनाचं वर्ष बदललं की आतलं बदलू शकतं. कपलर उघडून त्यात किती पिना भरल्या आहेत ते पाहावं, आणि ऑडिओच्या तारा नसतील तर स्विचसोबत नवी स्पायरल केबलही हिशेबात धरावी.

(रेनॉ डस्टरच्या पहिल्या पिढीत ही कटकट नव्हती. ऑडिओची दांडी चाकामागे, न फिरणाऱ्या कॉलमवर होती. दिसायला जुनाट, पण मला ती योजना फार शहाणपणाची वाटते.)

सहा बटणं म्हणजे सहा वायरी, असंही अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक साध्या गाड्यांत सिग्नलच्या एक-दोन तारा आणि एक अर्थिंग एवढ्यावर भागतं. प्रत्येक बटणामागे वेगळ्या ओहमचा रेझिस्टर असतो. स्टिरिओ त्या तारेवर थोडं व्होल्टेज ठेवतो, बटण दाबल्यावर ते किती उतरलं हे मोजतो आणि त्यावरून बटण ओळखतो. अँड्रॉइड स्टिरिओमागे की-वन, की-टू नावाच्या तारा असतात त्या याचसाठी. जोडणी झाली की सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण दाबत स्टिरिओला शिकवायचं. हे लक्षात आलं की एक नेहमीची तक्रारही उलगडते: आवाज वाढवायला जावं तर गाणंच बदलतं. दोष बहुधा स्टिरिओचा नसतो. जोड ढिला झाला किंवा गंजला की रेझिस्टन्स वाढतो आणि स्टिरिओ एका बटणाला दुसरंच समजतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेले जोड टिकत नाहीत. सोल्डरिंगचा आग्रह धरावा.

स्टिरिओ कोणताही चालतो, हेही खरं नाही. त्याला वायर्ड रिमोटचं इनपुट हवं. पायोनियरच्या अनेक सेटमध्ये ते ३.५ मिलिमीटरच्या जॅकच्या रूपात असतं आणि गाडी व सेट यांच्यामध्ये वेगळा अडॅप्टर लागतो. फोक्सवॅगन-स्कोडासारख्या गाड्यांत तर रेझिस्टरचा साधा हिशेबही नसतो. बटणाचा आदेश डिजिटल संदेश होऊन गाडीच्या नेटवर्कवरून जातो. तिथे कॅनबस बॉक्स लागतो, कधी कॉलममधलं मॉड्यूल बदलून कोडिंगही करावं लागतं.

आता एअरबॅग. भारतात १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. त्यामुळे अलीकडच्या गाडीत, मग ती बेस का असेना, स्विचपर्यंत पोचायला बहुधा एअरबॅगचं मॉड्यूल उतरवावं लागतं. “बॅटरी काढली की धोका संपला” हा या कामातला सगळ्यात घातक समज आहे. अपघातात बॅटरीच तुटली तरी एअरबॅग फुगावी म्हणून तिच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतो आणि त्यात वीज साठलेली असते. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडल्यावरही ती वीज लगेच संपत नाही. किती वेळ थांबायचं ते कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं आणि तेवढं थांबायचंच. एअरबॅगचे कपलर सहसा पिवळे असतात. तिच्या टोकांना मल्टिमीटर लावून “चेक” करायचं नाही, कारण मीटरचा ओहम मोजण्याचा करंटही तिला पेटवू शकतो. उतरवलेलं मॉड्यूल टेबलावर ठेवताना झाकणाची बाजू वर ठेवायची. उलटं ठेवलेलं चुकून उडालं तर ते जड मॉड्यूलच अंगावर येतं.

स्पायरल केबल बसवतानाची चूक लगेच दिसत नाही. तिला मधोमध आणून, चाकं सरळ ठेवूनच बसवावी लागते. बऱ्याच मॉडेलांत हलक्या हाताने एका टोकापर्यंत फिरवून मग साधारण अडीच फेरे उलट आणायचे असतात. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. मध्य चुकला तर गाडी दुकानातून नीट निघते, सरळ रस्त्यावर सगळं चालतं आणि पुढे एखाद्या पूर्ण यू-टर्नला केबल ताणून तुटते. हॉर्न जातो, बटणं जातात, एअरबॅगचा दिवा लागतो.

वॉरंटीबद्दल दोन टोकांचे समज ऐकू येतात: सगळी जाते किंवा काहीच होत नाही. सहसा वाद होतो तो छेडलेल्या वायरिंगशी संबंधित बिघाडावर. कंपनीचा सुटा भाग अधिकृत वर्कशॉपमध्ये बसवून बिल घेतलं तर वादाला जागा कमी राहते. चाकाला पट्ट्याने बांधायचे वायरलेस रिमोटही मिळतात. यातलं काहीच उघडायचं नसेल तर ते ठीक आहेत, मात्र मधल्या एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवायचं नाही.

पैसे देण्यापूर्वी एक तपासणी स्वतः करावी. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागूनच राहिला तर काम परत उघडायला सांगावं. तो लागलाच नाही तर जास्त सावध व्हावं, कारण बिघाड लपवायला दिवाच बंद केलेला असू शकतो. आणि एअरबॅगच्या जागी रेझिस्टर घालून कंट्रोल युनिटला फसवणारेही आहेत. तिथे दिवा अगदी शहाण्यासारखा वागतो, म्हणून मॉड्यूल उतरवताना आणि पिवळे कपलर परत बसवताना आपण तिथे उभं असावं.