अपूर्णांकाचं गणित अडलं? आधी विचारा, “कशाचा?”

आजचा भाग अपूर्णांकांच्या शाब्दिक उदाहरणांचा. बेरीज-गुणाकार चोख करणारी मुलंही चार ओळींचं उदाहरण दिसलं की विचारतात, “यात बेरीज करू की गुणाकार?” आपण घाईत असतो, “गुणाकार कर” म्हणून मोकळे होतो. उत्तर येतं, पण पुढच्या उदाहरणाला गाडी परत तिथेच अडते. असं वरचेवर झालं की ‘मला गणित जमतच नाही’ हे मुलाच्या मनात पक्कं बसतं. ते बसू द्यायचं नसेल, तर क्रिया सांगण्याआधी एक प्रश्न विचारा: हा अपूर्णांक कशाचा?

उदाहरणासाठी बंगळुरूच्या बसवनगुडीत जाऊ. तिथे कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी मोठ्या नंदीच्या देवळाजवळ ‘कडलेकाई परिषे’ भरते. कडलेकाई म्हणजे भुईमुगाच्या शेंगा, परिषे म्हणजे जत्रा. रस्ताभर शेंगांचे ढीग असतात. समजा, एका विक्रेत्याने ६० किलो शेंगा आणल्या. सकाळी १/३ विकल्या. संध्याकाळी उरलेल्यांपैकी १/४ विकल्या. आता किती उरल्या?

बरीच मुलं १/३ आणि १/४ यांची बेरीज करतात. ७/१२ येतात, म्हणजे ३५ किलो विकल्या, २५ उरल्या. बेरीज बरोबर आहे, उत्तर मात्र चूक. कारण १/३ हा ६० किलोंचा आहे आणि १/४ हा उरलेल्या शेंगांचा. दोन अपूर्णांक दोन वेगळ्या ढिगांचे आहेत.

हे बोलून पटत नाही, काढून पटतं. एक लांब पट्टी काढा, तिचे तीन समान भाग करा. प्रत्येक भाग २० किलोंचा. एक भाग रंगवा, तो सकाळी विकला. उरलेले दोन भाग निम्मे निम्मे करा. चार तुकडे झाले, प्रत्येक १० किलोंचा. त्यातला एक रंगवा. कोरे राहिले तीन तुकडे, म्हणजे ३० किलो. पेन्सिल मुलाच्याच हातात राहू द्या.

आता उलटं उदाहरण. डब्यातल्या चिक्क्यांपैकी २/५ संपल्या, १८ उरल्या. आधी किती होत्या? मूल १८ चे २/५ करायला धावतं. लगेच चूक म्हणू नका, ‘कशाचे?’ एवढंच विचारा. २/५ हे भरलेल्या डब्याचे आहेत. म्हणजे १८ चिक्क्या हे त्याचे ३/५. मग एक पंचमांश ६ आणि पूर्ण डबा ३०. उत्तर आल्यावर विचारायला लावा: आधीच्या चिक्क्या उरलेल्यांपेक्षा जास्त आहेत ना?

शाळेचं माध्यम इंग्रजी असेल तर उदाहरण आधी मुलाकडून मराठीत सांगून घ्या. ‘पैकी’ आणि ‘उरलेल्यांपैकी’ यातला फरक घरच्या भाषेत चटकन कळतो. भाषा आणखीही मदत करते. आपला ‘पाऊण’ म्हणजे एकात पाव कमी. कन्नडमधला ‘मुक्कालु’ म्हणजे तीन ‘कालु’, तीन पाव. ३/४ कडे पाहण्याच्या या दोन्ही रीती योग्यच. बंगळुरूतल्या मराठी मुलाला बाजारातून आणि घरातून त्या फुकट मिळतात. वापरा त्या.

शेवटी घरचा अभ्यास. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त भुंग्यांचं एक कोडं आहे. थव्याचा १/५ कदंबावर गेला, १/३ शिलींध्राच्या फुलावर. या दोन संख्यांतल्या फरकाची तिप्पट कुड्यावर गेली. एक भुंगा उरला. थवा किती भुंग्यांचा?

इथेही पहिला प्रश्न तोच. या वेळी सगळे अपूर्णांक एकाच थव्याचे आहेत, म्हणून बेरीज चालते: ३/१५, ५/१५ आणि ६/१५ मिळून १४/१५. उरलेला एक भुंगा म्हणजे १/१५, म्हणून थवा १५ भुंग्यांचा. शेंगांच्या उदाहरणात बेरीज का चालली नाही आणि इथे का चालते, हे मुलाला तुम्हाला समजावून सांगायला लावा. ते त्याला सांगता आलं, की क्रिया कोणती हे तुम्हाला सांगावं लागणार नाही.