आत्मवाचक सर्वनामे : दृढीकरणार्थी उपयोग

वाक्यात आधी आलेल्या नामाचा वा सर्वनामाचा, बहुधा कर्त्याचा, फिरून निर्देश करणाऱ्या सर्वनामास आत्मवाचक सर्वनाम म्हणतात. मराठीतील ‘स्वतः’ व ‘आपण’ आणि इंग्रजीतील ‘मायसेल्फ’, ‘युअरसेल्फ’, ‘हिमसेल्फ’, ‘हरसेल्फ’, ‘इटसेल्फ’ व त्यांची अनेकवचने या वर्गात मोडतात. दोन्ही भाषांत या शब्दांची कार्ये दोन आहेत. ‘तिने स्वतःला आरशात पाहिले’ या वाक्यात पाहणारी व पाहिली गेलेली व्यक्ती एकच आहे. हा मूळ आत्मवाचक उपयोग होय. ‘कलेक्टर स्वतः आले’ या वाक्यात मात्र ‘येणे’ ही क्रिया अकर्मक असल्याने कर्माचा प्रश्नच उद्‌भवत नाही. येथे ‘स्वतः’ हा शब्द केवळ कर्त्यावर भर देतो. या उपयोगास दृढीकरण म्हणतात.

दोहोंतील भेद ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे तो शब्द गाळून पाहणे. ‘कलेक्टर आले’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण राहते, भर तेवढा जातो. ‘तिने आरशात पाहिले’ या वाक्याचा अर्थच पालटतो. इंग्रजीत आणखी एक खूण उच्चारात सापडते : दृढीकरणार्थी ‘हिमसेल्फ’ आघातयुक्त असतो, तर कर्मस्थानी आलेला ‘हिमसेल्फ’ सामान्यतः आघातहीन असतो. लिखित इंग्रजीवरच पोसलेल्या वाचकास ही खूण उपलब्ध नसते, आणि आपल्याकडे बहुतेकांचे इंग्रजी लिखितच असते.

इंग्रजीत दृढीकरणार्थी सर्वनामाचा अर्थ त्याच्या स्थानावर पुष्कळसा अवलंबून असतो. बीडच्या दक्षिणेस, धुळे–सोलापूर महामार्गाला पाटोद्याकडून केज–अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता जेथे मिळतो, तेथे मांजरसुंबा हे गाव आहे. तेथील एक प्रसंग कल्पून पाहावा. ‘द कलेक्टर हिमसेल्फ केम टू मांजरसुंबा’ या वाक्यात सर्वनाम नामाला लागून आले आहे. तहसीलदार नव्हे, प्रांत नव्हे, तर प्रत्यक्ष कलेक्टर आले, असा त्याचा भाव आहे. अधिकाराची उतरंड श्रोत्याच्या मनात उभी राहते आणि तिचे शिखर दाखविले जाते. ‘द कलेक्टर ड्रोव्ह टू मांजरसुंबा हिमसेल्फ’ या वाक्यात तेच सर्वनाम शेवटी गेले आहे. आता उतरंड नाहीशी होऊन चालक बाजूला पडतो : कलेक्टरांनी गाडी दुसऱ्याकडून न हाकवता आपल्या हातांनी चालविली. यांखेरीज तिसरी एक छटा आहे. गावातील एखादा निवृत्त वाहक ‘आय वॉज अ कंडक्टर मायसेल्फ’ असे म्हणतो, तेव्हा ‘मीही तुमच्यासारखाच होतो’ असा समावेशक अर्थ निघतो. पेटर सीमुंट यांनी इंग्रजी व जर्मन भाषांतील दृढीकरणवाचक शब्दांवरील आपल्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या छटांचा तपशिलाने विचार केला आहे.

मराठीत हे सर्व अर्थ ‘स्वतः’ या एकाच शब्दाने व्यक्त होऊ शकतात. परंतु तो शब्द लिंग, वचन व पुरुष यांनुसार बदलत नाही आणि अडचण येथेच सुरू होते. ‘आय मेट द कलेक्टर हिमसेल्फ’ आणि ‘आय मेट द कलेक्टर मायसेल्फ’ ही दोन वाक्ये इंग्रजीत संदिग्ध नाहीत, कारण सर्वनामाचे रूपच कोणावर भर आहे ते सांगते. ‘मी कलेक्टरांना स्वतः भेटलो’ या मराठी वाक्यात मात्र ‘स्वतः’ हा शब्द कलेक्टरांना लागून असला, तरी मराठी वाचक तो ‘मी’कडेच नेतो. कर्मावर भर द्यावयाचा असल्यास मराठी ‘खुद्द कलेक्टरांना’ किंवा ‘प्रत्यक्ष कलेक्टरांना’ अशी रचना योजते. ‘खुद्द’ हा फार्सीतून आलेला शब्द नेहमी नामाच्या आधी येतो व आत्मवाचक कार्य मुळीच करीत नाही. म्हणजे निव्वळ दृढीकरणासाठी राखून ठेवलेला असा शब्द मराठीजवळ आहे. ‘जातीने’ हा तसाच दुसरा, पण त्याची ओढ कर्त्याकडे असते : ‘पाटील जातीने हजर होते’. भाषांतरकार या शब्दांकडे दुर्लक्ष करून सर्वत्र ‘स्वतः’ची पेरणी करतात, त्यामुळे अर्थाची हानी होते.

‘स्वतः’ अविकारी आहे, या विधानाला एक मर्यादा घातली पाहिजे. प्रथमा व तृतीया यांच्या कर्त्याशी तो तसाच राहतो (‘तो स्वतः’, ‘त्याने स्वतः’). परंतु ‘मला स्वतःला ते पटले नाही’, ‘माझे स्वतःचे घर’ अशा रचनांत तो मागील शब्दाची विभक्ती घेतो आणि तरीही दृढीकरणार्थीच असतो. तेव्हा ‘ला’ दिसला की आत्मवाचक कर्म, असे समजणे चुकीचे आहे. षष्ठीच्या बाबतीत इंग्रजीची वाट वेगळी आहे : तेथे ‘सेल्फ’ चालत नाही, ‘ओन’ हा स्वतंत्र शब्द लागतो.

ऐतिहासिक दृष्ट्या इंग्रजीत दृढीकरण हे आत्मवाचकाच्या आधीचे आहे. जुन्या इंग्रजीत (सु. ११५० पर्यंत) साधे पुरुषवाचक सर्वनामच आत्मवाचक कार्य करीत असे, ‘त्याने त्याला मारले’ या रचनेत दुसरा ‘तो’ पहिलाच की निराळा, हे संदर्भावरून ठरे. ‘सेल्फ’ हा भर देणारा शब्द होता आणि विशेषणाप्रमाणे तो विभक्तिप्रत्यय घेत असे. संदेह टाळण्यासाठी तो सर्वनामापाठोपाठ वारंवार येऊ लागला व मध्य इंग्रजीच्या काळात दोहोंचा जोड पक्का झाला. ‘मायसेल्फ’मध्ये षष्ठीचे रूप, तर ‘हिमसेल्फ’मध्ये कर्मरूप, ही विसंगती त्या जोडकामाचा अवशेष होय. बोलीभाषेतील ‘हिजसेल्फ’ हे रूप अधिक सुसंगत असूनही अशुद्ध ठरले, ही गंमत नोंदविण्यासारखी आहे. जर्मन भाषेने मात्र ‘झिश’ (आत्मवाचक) व ‘झेल्प्स्ट’ (दृढीकरणार्थी) हे दोन शब्द वेगळेच ठेवले.

मराठीतील ‘आपण’ संस्कृत ‘आत्मन्‌’पासून प्राकृत ‘अप्पण’द्वारा आला, ‘स्वतः’ हे संस्कृत ‘स्व’ला ‘तस्’ प्रत्यय लागून झालेले अव्यय होय. ज्ञानेश्वरीत (१२९०) ‘आपणपें’ हे भाववाचक नाम ठिकठिकाणी आढळते. आत्मन्‌चा तत्त्वज्ञानातील अर्थ आणि व्याकरणातील कार्य त्यात जवळजवळ एकरूप झालेले दिसते. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८३६) व मोरो केशव दामले (१९११) यांच्या व्याकरणांपासून सर्वनामांच्या वर्गीकरणाचा विचार चालत आला आहे. शालेय व्याकरणांत पुरुषवाचक ‘आपण’ व आत्मवाचक ‘आपण’ यांत भेद सांगतात : दुसरा दोन्ही वचनांत येतो आणि वाक्यारंभी येत नाही. व्यवहारात हा भेद नेहमी टिकत नाही. ‘त्याने सांगितले, की आपण उद्या कपिलधारला जाणार आहोत’ या वाक्यात सांगणारा एकटाच मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला निघाला आहे, की ऐकणाऱ्यालाही सोबत नेणार आहे, हे वाक्यावरून कळत नाही. काशी वली यांच्या अभ्यासामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली आहे : ‘स्वतः’चा संदर्भ त्याच उपवाक्यात शोधावा लागतो, तर ‘आपण’ उपवाक्याची सीमा ओलांडून मुख्य वाक्याच्या कर्त्यापर्यंत पोहोचू शकतो. इंग्रजी ‘हिमसेल्फ’ या बाबतीत ‘स्वतः’च्या पंक्तीला बसतो.

‘आपला’ या रूपाचा एक उपयोग इंग्रजीत आणणे अशक्यप्राय आहे. ‘मी आपला गप्प बसलो’ यात स्वामित्व नाही, आत्मवाचकता नाही आणि खरे तर दृढीकरणही नाही. उलट बोलणारा स्वतःला किंचित लहान करून घेतो. याला उणा भर म्हणावे काय, हे ठरविणे कठीण आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविले जाते. तत्पूर्वी मराठी शाळांत ते पाचवीपासून असे. तरीही मुलाखतीस आलेला उमेदवार आपले नाव ‘मायसेल्फ अमुक’ असे सांगतो आणि तेवढ्यावरून त्याची परीक्षा होऊन जाते. ही चूक अज्ञानाची म्हणून हसण्यावारी नेणे अन्यायाचे आहे, कारण तिच्यामागे मातृभाषेचा नियम उभा आहे. मराठीत क्रियापद पुरुष दाखविते. म्हणून ‘स्वतः आलो’ हे कर्तृपद गाळूनही पूर्ण वाक्य होते आणि ‘स्वतः’ कर्त्याच्या जागी बसल्यासारखा वाटतो. इंग्रजीत दृढीकरणार्थी सर्वनाम आधारावाचून उभे राहत नाही. आधी ‘आय’ पाहिजे, मग हवा तर ‘मायसेल्फ’. नाव सांगताना तर भर देण्याचे कारणही नसते. याच्या उलट दिशेची चूक भाषांतरात होते. ‘ही हर्ट हिमसेल्फ’ याचे मराठी ‘त्याला लागले’ एवढेच आहे. ‘एन्जॉय युअरसेल्फ’ म्हणजे ‘मजा करा’. तेथे ‘स्वतःला’ आणल्यास वाक्य परके वाटते.

दृढीकरणाच्या छटा न्यायव्यवहारात निर्णायक ठरू शकतात. ‘आरोपीने स्वतः कबूल केले’ म्हणजे दुसऱ्या कोणी नव्हे, त्यानेच कबूल केले. ‘स्वतःहून कबूल केले’ म्हणजे कोणी भाग पाडल्यावाचून केले. १८७२ च्या पुरावा कायद्यात आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमातही धाक वा आमिष यांमुळे दिलेला कबुलीजबाब ग्राह्य मानलेला नाही. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘हिमसेल्फ’ पुरतो, दुसऱ्यासाठी ‘व्हॉलंटरिली’ असा निराळा शब्द लागतो. मराठीत दोहोंमधील अंतर ‘हून’ या एका प्रत्ययाचे आहे आणि घाईने लिहिलेल्या जबानीत तो गळण्यास वा नको तेथे येण्यास वेळ लागत नाही.