पंप कोणाचा, नळ कोणाचा? इमारतींतील यंत्रणांची ज्ञानमांडणी

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला, वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराशी जोडला गेला आणि या मार्गावरील धामणगाव हे गाव रेल्वेचे नाव आपल्या नावापुढे लावूनच ओळखले जाऊ लागले. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, कापसाची बाजारपेठ आणि यवतमाळकडे जाणाऱ्या प्रवाशांची वर्दळ सांभाळणाऱ्या या स्थानकाचा समावेश आता अमृत भारत स्थानक योजनेत झाला आहे. देशभरातील १,३००हून अधिक स्थानकांचा पुनर्विकास करणाऱ्या या योजनेत प्रवाशांच्या नजरेत भरतात ती नवी प्रवेशद्वारे, प्रतीक्षालये आणि पादचारी पूल. परंतु इमारत वर्षानुवर्षे नीट चालेल की नाही हे ज्यांवर ठरते त्या पाण्याच्या, विजेच्या, सांडपाण्याच्या आणि अग्निशमनाच्या यंत्रणा भिंतींच्या आत, छताच्या वर आणि जमिनीखाली असतात. त्या परस्परांशी कशा जोडल्या आहेत याचे ज्ञान कोठे आणि कोणत्या स्वरूपात जपून ठेवायचे, हा स्थापत्य अभियांत्रिकीपुढील दिसतो त्याहून बराच अवघड प्रश्न आहे.

इमारत पूर्ण झाली की नकाशांचे गठ्ठे मालकाच्या स्वाधीन केले जातात. वास्तुरचनेचा नकाशा वेगळा, विजेच्या वायरिंगचा वेगळा, नळजोडणीचा वेगळा. प्रत्येक नकाशा आपापल्या विषयापुरता अचूक असला, तरी एका नकाशातील वस्तूचा दुसऱ्या नकाशातील वस्तूशी असलेला संबंध बहुधा कोणत्याच कागदावर उतरलेला नसतो. रेल्वे स्थानकात साधारणपणे पाण्याचा पंप विद्युत विभागाच्या देखभालीखाली असतो, तर टाकी आणि पाइपलाइन इंजिनीअरिंग विभागाच्या बांधकाम शाखेकडे असते. फलाटावरचा नळ कोरडा पडला की दोष पंपात, पॅनेलमध्ये, व्हॉल्व्हमध्ये की पाइपलाइनमध्ये आहे हे दोन विभागांच्या नोंदी एकमेकींना भिडल्याशिवाय कळत नाही, आणि प्रत्यक्षात त्या भिडतात त्या एखाद्या जुन्या पंपचालकाच्या किंवा फिटरच्या डोक्यात. त्याची बदली झाली किंवा तो निवृत्त झाला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाते, आणि पुढच्या माणसाला तीच जोडणी खोदून, तोडून, चाचपडत पुन्हा शोधावी लागते.

हे ज्ञान यंत्रालाही वाचता येईल अशा रीतीने लिहून ठेवण्याच्या पद्धतीला संगणकशास्त्रात ऑन्टॉलॉजी म्हणतात. मूळ संज्ञा तत्त्वज्ञानातील, जगात कोणत्या प्रकारच्या वस्तू आहेत याचा विचार करणाऱ्या शाखेची. भारतीय परंपरेत वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म असे पदार्थांचे वर्गीकरण करताना समवाय या संबंधालाही स्वतंत्र पदार्थ मानले होते, हे येथे आवर्जून लक्षात घेण्याजोगे आहे. संगणकशास्त्रज्ञ टॉम ग्रूबर यांनी १९९३ मध्ये ऑन्टॉलॉजीची जी व्याख्या केली तिचा आशय असा, की एखाद्या क्षेत्राविषयीची आपली संकल्पनात्मक समजूत उघडपणे आणि काटेकोरपणे मांडून दाखवणे म्हणजे ऑन्टॉलॉजी. त्या क्षेत्रात वस्तूंचे कोणते वर्ग आहेत, त्यांच्यात कोणते संबंध असू शकतात आणि त्या संबंधांना कोणते नियम लागू होतात, हे सारे तीत एकदाच ठरवून दिलेले असते.

मांडणीचा घटक अगदी लहान असतो. कर्ता, संबंध आणि ज्याच्याशी संबंध आहे ती वस्तू, अशा तीन भागांचे एक विधान म्हणजे त्रिक. उदाहरणादाखल एखाद्या स्थानकाची पाणीव्यवस्था घेतली, तर ‘बोअरवेलवरचा पंप उंच टाकीला पाणी पुरवतो’, ‘उंच टाकी पूर्वेकडच्या व्हॉल्व्हला पाणी पुरवते’, ‘हा व्हॉल्व्ह प्रतीक्षालयाच्या स्वच्छतागृहाला आणि फलाटावरच्या वॉटर कूलरला पाणी पुरवतो’, ‘पंप दोन क्रमांकाच्या पॅनेलवरून वीज घेतो’ अशी विधाने एकेक करून नोंदवली जातात. पुरवण्याचा संबंध साखळीने पुढे जातो, हा नियम ऑन्टॉलॉजीत एकदा सांगून ठेवला की पंपाचे पाणी अखेरीस वॉटर कूलरपर्यंत पोहोचते हे कोणी वेगळे लिहिले नसले तरी संगणक ते स्वतः अनुमानाने काढतो. त्यामुळे मे महिन्यातल्या कडक उन्हात दोन क्रमांकाचे पॅनेल दुरुस्तीसाठी बंद करायचे झाल्यास टाकीतला साठा संपल्यावर कोणकोणत्या ठिकाणचे पाणी थांबेल, हा प्रश्न थेट विचारता येतो. विजेचा आणि पाण्याचा नकाशा शेजारी शेजारी पसरून बोटाने रेषा शोधत बसण्याची गरज उरत नाही.

धामणगाव परिसरातील जिनिंग कारखान्यांच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक गंभीर ठरते, कारण कापूस आणि रुई यांना आग चटकन लागते आणि ती गंजीत आतल्या आत धुमसत राहू शकते. अशा आवारात अग्निशमनाची टाकी, पंप, व्हॉल्व्ह आणि हायड्रंट यांची साखळी त्रिकांत मांडलेली असेल, तर एखादा व्हॉल्व्ह गळतीमुळे बंद ठेवताना कोणत्या गोदामाजवळचे हायड्रंट निकामी होतील हे आधीच कळते. शिवाय, प्रत्येक हायड्रंटला किमान एक जलस्रोत जोडलेला असलाच पाहिजे, असा नियम लिहून संपूर्ण नोंद त्याच्याशी ताडून पाहता येते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने अशा तपासणीसाठी शॅकल नावाचे प्रमाणक २०१७ मध्ये स्वीकारले. त्रिके लिहिण्याचे आरडीएफ आणि वर्ग व नियम सांगणारी औल ही भाषा त्याआधीच, २००४पर्यंत, प्रमाणित झालेली होती.

इमारतींच्या क्षेत्रात या विचाराला दोन बाजूंनी बळ मिळाले. एका बाजूने संकल्पचित्रकारांची गरज होती: एका सॉफ्टवेअरमध्ये काढलेली इमारत दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता यावी म्हणून आयएफसी हा सामायिक आराखडा तयार झाला आणि २०१३ मध्ये त्याला आयएसओ १६७३९ या आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. माहितीची अशी देवाणघेवाण नीट होत नसल्याने अमेरिकेतील मोठ्या बांधकामांच्या क्षेत्राला वर्षाला १५.८ अब्ज डॉलरचा भुर्दंड पडतो, असा अंदाज तेथील राष्ट्रीय मानक संस्थेने २००४ मध्ये मांडला होता. दुसऱ्या बाजूने इमारत चालवणाऱ्यांची गरज होती. सेन्सर आणि यंत्रे यांना प्रत्येक कंत्राटदार आपल्या मनाप्रमाणे नावे देत असल्यामुळे एका इमारतीसाठी लिहिलेला ऊर्जाबचतीचा प्रोग्राम दुसऱ्या इमारतीत चालत नसे. हा अडसर दूर करण्यासाठी अनेक विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ब्रिक नावाची ऑन्टॉलॉजी प्रसिद्ध केली, जिच्यात उपकरण, स्थान आणि मापनबिंदू हे मुख्य वर्ग असून ‘पुरवतो’, ‘चा भाग आहे’ असे मोजकेच संबंध आहेत. इमारत, मजला, खोली आणि घटक एवढ्यापुरतीच रचना सांगणारी बॉट ही आणखी एक छोटी ऑन्टॉलॉजी आहे. प्रचंड आयएफसीच्या तुलनेत ही आटोपशीर साधनेच लहान गावांतील इमारतींना पेलवतील, असे त्यांची घडण पाहता स्पष्ट दिसते.

विदर्भात या दिशेने जाणारे सर्वांत ठळक पाऊल नागपूर मेट्रोचे आहे. ही मेट्रो उभारणाऱ्या महामेट्रो या कंपनीने प्रकल्पात पंचमितीय बिम, म्हणजे बांधकामाच्या त्रिमितीय संगणकीय प्रतिकृतीला वेळापत्रक आणि खर्च यांची जोड देणारी पद्धत स्वीकारली. ८ मार्च २०१९ रोजी या मेट्रोची प्रवासी सेवा सुरू झाली. बिम आणि ऑन्टॉलॉजी एकच नव्हेत. बिमच्या प्रतिकृतीत खांब, पाइप आणि केबल यांचे आकार, मापे आणि जागा तपशीलवार असतात, पण कोणते पॅनेल बंद केल्याने कोणत्या स्थानकातला कोणता पंप थांबेल हा अर्थाचा धागा त्या भूमितीतून आपोआप निघेलच असे नाही. मात्र अशी प्रतिकृती हाताशी असली की तिच्यातील वस्तूंना त्रिकांशी जोडणे पुष्कळ सोपे होते, आणि नवे बांधकाम सुरू असतानाच हे करणे शहाणपणाचे, कारण भिंत लिंपून झाल्यावर आतल्या पाइपची नोंद घेणे फार महाग पडते.

या पद्धतीची एक मर्यादा मात्र नीट समजून घ्यायला हवी. औलसारख्या भाषा खुल्या जगाचे गृहीतक मानतात, म्हणजे एखादी गोष्ट नोंदवलेली नाही याचा अर्थ ती अस्तित्वात नाही असा त्या घेत नाहीत. गोदामाला दुसरा हायड्रंट असल्याची नोंद नसेल, तर संगणक ‘दुसरा हायड्रंट नाही’ असे म्हणणार नाही. ‘माहीत नाही’ एवढेच त्याचे उत्तर राहील. ज्ञानाचा अभाव आणि अभावाचे ज्ञान यांतला हा भेद अग्निसुरक्षेत जिवावर बेतू शकतो, म्हणूनच शॅकलसारख्या तपासणीत नोंद पूर्ण आहे असे धरून, जे सापडत नाही त्याला थेट दोष ठरवले जाते. नोंद मात्र माणसांनीच ताजी ठेवावी लागते. फिटरने पाइप वळवला आणि त्रिक जुनेच राहिले, तर संगणक चुकीचे उत्तर तितक्याच ठामपणे देईल.

त्यामुळे हे काम केवळ सॉफ्टवेअर तज्ज्ञांवर सोपवून भागत नाही. पंपचालक, वायरमन, फिटर आणि बांधकाम पर्यवेक्षक यांना ज्या नावांनी वस्तू ठाऊक आहेत ती नावे नोंदीत आली पाहिजेत. आरडीएफमध्ये एकाच वस्तूला मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी अनेक नावे देण्याची सोय असल्याने त्यात तांत्रिक अडचण काहीच नाही. निविदेत, पूर्ण झालेल्या कामाच्या नकाशांबरोबर पाणी, वीज आणि अग्निशमन या तीन यंत्रणांपुरती तरी संबंधांची फाइल कंत्राटदाराने द्यावी आणि देयकाचा शेवटचा हप्ता तिची जागेवर पडताळणी झाल्यावरच अदा करावा, अशी अट घालता येईल. पडताळणीही अवघड नाही: एक व्हॉल्व्ह बंद करायचा, फाइलनुसार कोणकोणते नळ कोरडे पडायला हवेत त्यांची यादी काढायची आणि प्रत्येक नळापाशी जाऊन तो सोडून पाहायचा.